शहारेबाबूंचा हाफ स्क्वॉट

"लिहून ठेवा! माह्या मोनालीच्या साक्षगंधात मी सगळ्यात पुढे, गुडघे टेकून बसीन! खुर्ची-बिर्ची काही नाही पाहिजे मले! अन् उठताना कोणाचा हात बी नाही धरणार!"

आमगावच्या एका हायस्कुलातले बडे बाबू, म्हणजे हेडक्लार्क, रत्नपाल शहारे, वय एक्कावन्न, यांनी ही गर्जना भर लग्नमांडवात केली, तेव्हा ते स्वतः खुर्चीवर बसलेले होते. लग्न त्यांच्या साळ्याच्या, म्हणजे शालीकरामच्या पोराचं. बुद्धवंदना सुरू व्हायची होती. अख्खा मांडव सतरंजीवर गुडघे टेकून, हात जोडून बसलेला, आणि भिंतीकडेला पाच प्लास्टिकच्या खुर्च्या. त्यातल्या चारांवर सत्तरीपुढच्या चार म्हाताऱ्या आणि पाचवीवर आपले बाबू! शालीकरामनं ती खुर्ची मोठ्या अदबीनं आणून दिली होती. तेवढ्यावर भागलं असतं. पण शेजारच्या म्हातारीनं वाकून मायेनं विचारलं, "तुमचं बी गुडघ्याचं ऑपरेशन झालं का जी?"

झालं! बाबूंच्या डोक्यात तिडीक गेली, आणि वर सांगितली ती गर्जना बाहेर पडली. मोनाली त्यांची एकुलती एक लेक. चिचगडच्या दवाखान्यात नर्स. गोंदियाजवळच्या मुर्रीच्या यादोराव मेश्रामांच्या अश्विनशी तिचं जमलं होतं आणि साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, महिन्यावर आलं होतं. लेकीच्या आयुष्यातला एवढा मोठा दिवस, आणि बाप कोपऱ्यात म्हाताऱ्यांच्या रांगेत? छे! व्याह्यांसमोर काय इज्जत राहील? साक्षगंध कसं झोकात व्हायला पाहिजे, कोणाला बोट ठेवायला जागा नको! बाबूंना त्या दिवसापासून दुसरं काही सुचेना.

आता गर्जना करायला गुडघे लागत नाहीत, उठाबशीला लागतात. बाबूंचे गुडघे वाकले की मुरमुरे चावल्यासारखे वाजायचे. ते गोंदियाच्या डॉक्टरकडे गेले. डॉक्टरांनी पाय दाबून पाहिले आणि म्हणाले, "हाडं ठणठणीत आहेत. मांड्यांत जीवच नाही तुमच्या. तीस वर्षं खुर्चीत बसून मांड्या झोपल्यात. जिम लावा आणि हाफ स्क्वॉट करा. पण नीट शिकून. अर्ध्यापर्यंतच खाली जायचं, पूर्ण नाही."

"जिम? या वयात?"

"मग काय, त्या वयात परत जाऊन लावणार?"

आमगावात बाबूंना माहीत असलेली जिम एकच, भूपेंद्रची. भूपेंद्रच्या वडिलांचं तांदळाचं गोदाम होतं. पोरानं हट्ट करून अर्धं गोदाम मागून घेतलं आणि तिथं आरसे, रॉड आणि वजनं मांडली. उरलेल्या अर्ध्यात तांदळाचे कट्टे तसेच होते. कट्टे म्हणजे पोती. दंड फुगवणारी पोरं आणि तांदूळ तोलणारे हमाल एकाच दारातून आत जायचे, आणि खरं सांगायचं तर हमालांचेच दंड जास्त भरलेले असायचे.

भूपेंद्र बाबूंचा जुना विद्यार्थी. म्हणजे शाळेचा. दाखल्यावर एक सही नाही म्हणून बाबूंनी एके काळी त्याला पाच चकरा मारायला लावल्या होत्या. दारात बाबू दिसताच तो दचकून उभा राहिला.

"बाबूजी! काही कागद राहिला का?"

"कागद नाही गा. मले... हे..." बाबूंनी इकडंतिकडं पाहिलं आणि आवाज एकदम खाली आणला. "मले उठता-बसता नाही येऊन राहिलं. शिकव. पण कोणाले सांगू नको! घरी मी फिरायले जातो म्हणून सांगतो."

भूपेंद्रला हसू आलं असेल, पण पोरगा गुणी. हसला नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे पाचला, कोणी यायच्या आत, त्यानं बाबूंना रॉडखाली उभं केलं. वजनं एकही नाही. नुसता रॉड.

"मानेवर नका घेऊ बाबूजी. मानेखाली, खांद्याच्या मांसावर घ्या."

"मांस कुठं हाये?"

"येईन. पाय खांद्याएवढे फाकवा. पंजे जरासे बाहेर. छाती पुढे! पोट आवळा! कंबर सीधी! आता खुर्चीवर बसल्यासारखं मागं मागं जा."

"खुर्ची कुठं हाये?"

"नाहीच हाये! तेच तर करायचं!"

तीस वर्षं खुर्चीत काढलेल्या माणसाला बिनखुर्चीचं बसणं म्हणजे नुसता विश्वासघात! बाबू चार बोटं खाली गेले, "गेलो, गेलो!" म्हणून ओरडले, आणि भूपेंद्रनं रॉड वरच्या वर धरला. त्या गडबडीत चष्मा नाकावरून घसरून पडला. मग भूपेंद्रनं डोकं लढवलं. गोदामातून पंचवीस-पंचवीस किलोचे चार कट्टे आणले आणि बाबूंच्या मागे एकावर एक रचले.

"हे तुमचं अर्धं. बूड कट्ट्याले टेकलं की उठायचं. टेकवायचं फक्त, बसायचं नाही! त्याच्या खाली जायचं नाही. अन् नजर समोर. काही झालं तरी मागं वळून पाहायचं नाही! रॉड खांद्यावर असताना मान वळवली की कंबर गेलीच समजा."

"किती वेळा?"

"दहा. मग दम खायचा. असे तीन डाव."

बाबू सरकारी शिस्तीत वाढलेले. सांगितलं ते अक्षरशः करायचं, यातच त्यांची हयात गेलेली. चष्मा खिळ्याला टांगायचा, रॉडखाली शिरायचं, छाती पुढे, नजर समोर, बूड कट्ट्याला टेकलं की वर! अक्षरशः! आठवडाभरात त्यांना ते इतकं आवडायला लागलं की शाळेतही ते फाईल हातात धरून खुर्चीपर्यंत अर्धे जायचे आणि उठायचे, अर्धे जायचे आणि उठायचे. शिपाई बकारामनं दोन दिवस हे पाहिलं आणि तिसऱ्या दिवशी खुर्ची उलटी करून तपासली.

"काय पाहून राहिला रे?"

"खिळा वर आला का पाह्यलं, बाबू."

तीन आठवडे गेले आणि काय सांगू तुम्हाला, मांड्यांत जीव आला! गुरुवारी संध्याकाळी घरात कोणी नाही पाहून बाबूंनी जमिनीवर गुडघे टेकले, हात जोडले, आणि कशाचाही आधार न घेता ताडकन उभे राहिले. एकदम ताडकन! त्यांना ओरडावंसं वाटलं, पण ओरडून सांगणार कोणाला? गुपितच ते! मग ते नुसते अंगणात जाऊन आले.

साक्षगंध रविवारी होतं. मांडवाचं, आचाऱ्याचं झालं होतं. तांदळाचं बाबूंनी त्याच गुरुवारी सकाळी भूपेंद्रला सांगून टाकलं होतं, "दोनशे पान हाये. दोन कट्टे चांगला तांदूळ घरी पोचव."

आता शुक्रवारची पहाट ऐका. जिमचं दार उघडं होतं, दिवा लावलेला होता, भूपेंद्र मात्र नव्हता. असेल कुठं तरी, बाबूंना वाटलं. आपल्याला आता कोणाची गरज आहे? त्यांनी चष्मा खिळ्याला टांगला. रॉडखाली शिरले. छाती पुढे, पोट आवळलेलं, नजर समोरच्या आरशात, आणि आरशात बिनचष्म्याचा एक पांढरा ढग. निघाले खाली.

कट्टा येईना!

आणखी थोडं गेले. येईना! मांड्या थरथरल्या. आणखी खाली गेले. गुडघे पोटाला लागायची वेळ आली तेव्हा कुठं बुडाला पोत्याचा स्पर्श झाला. बाबू कण्हत, कुंथत वर आले.

"आज थकवा दिसते," ते स्वतःशीच म्हणाले. "कट्टा दूर वाटून राहिला."

मागे वळून पाहिलं असतं तर? पण मान वळवायची नाही म्हणजे नाही! नियम म्हणजे नियम! दुसरी बैठक. तिसरी. प्रत्येक वेळी कट्टा पाताळात. डोळ्यांपुढे काजवे चमकायला लागले, पण परवा लेकीचं साक्षगंध आहे, आज कच खाल्ली तर तीन आठवड्यांची मेहनत पाण्यात जाईल, असं मनाशी घोकत या बहाद्दरानं दहा-दहाचे तीन डाव, म्हणजे तीस बैठका, एकही न चुकवता, अगदी शास्त्रशुद्ध मारल्या!

घरी आले तर ओट्यावर तांदळाचे दोन कट्टे. भूपेंद्र घाम पुसत चहा पीत बसलेला.

"बाबूजी, घाई होती, आतले कट्टे काढायले वेळ नव्हता. तुमच्या मागे रचलेले होते ना चार, त्याच्यातलेच वरचे दोन आणले. आज तुम्ही जिमले गेले नसान ना?"

बाबूंनी भिंत धरली.

शुक्रवारी नुसतं दुखत होतं. शनिवारी मांड्यांची लाकडं झाली. रविवारी उजाडलं तेव्हा बाबू खाटेवरून उठले नाहीत, त्यांना उठवावं लागलं. संडासात जे झालं ते सांगण्यासारखं नाही. नळाचा पाइप पक्का बसवलेला होता म्हणून माणूस बाहेर आला, एवढंच म्हणतो. बायको, अल्काबाई, दारात उभ्या राहून हा सगळा तमाशा पाहत होत्या.

"अजी, काय झालं पायाले?"

"थंडी लागली."

"मांडीले?"

"हो!"

अल्काबाईंनी त्यांच्याकडं एकदा वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि तिळाचं तेल गरम करायला निघून गेल्या.

भूपेंद्रनं फोनवर सल्ला दिला, "बसू नका बाबूजी! बसले तर आखडान! चालत राहा."

अकरा वाजता मुर्रीची मंडळी उतरली. चाळीस माणसं. बाबू स्वागताला पुढे झाले. दोन्ही पाय सरळ ठेवून, जमिनीवरून घासत. व्याह्याला आमच्याकडं इवाई म्हणतात. यादोराव हात पसरून आले, "जय भीम, इवाई!" बाबूंनी "जय भीम" म्हणत गळाभेट घेतली आणि सोडलंच नाही. सोडलं तर पडले असते! यादोरावांचे डोळे पाणावले. किती प्रेमळ माणूस मिळाला, त्यांना वाटलं.

मांडवात खुर्च्या होत्या.

"बसा ना इवाई," यादोराव म्हणाले.

"नाही नाही! तुम्ही बसा."

"तुम्ही बसल्याबिगर कसे बसू?"

बाबूंची पंचाईत झाली. बसलो तर उठणार कसं? तोंडाला आलं ते बोलून गेले, "आमच्याकडे पोरीचा बाप बसत नसते."

"असं हाये का!" यादोराव गंभीर झाले. मागे वळून त्यांनी आपल्या लोकांना सांगितलं, "बसू नका रे कोणी! पोरीचा बाप उभा हाये, अन् आपण बसायचं? बरं दिसते का?"

मुर्रीची माणसं रीतभात पाळणारी. चाळीसच्या चाळीस उभी राहिली! उभ्यानं पोहे, उभ्यानं चहा. लेकुरवाळ्या बाया पोरं कडेवर घेऊन एका पायावरून दुसऱ्या पायावर होऊ लागल्या. आमगावकरांना काही कळेना, पण पाहुणे उभे म्हणून तेही उठले. खुर्च्या सगळ्या रिकाम्या आणि मांडव उभ्या माणसांनी गच्च! बौद्धाचार्य आले, त्यांना वाटलं आपल्या स्वागताला उठले, ते खूश झाले.

अर्ध्या तासानं नवऱ्या मुलाच्या आईचा धीर सुटला. अन्नपूर्णाबाई बाई सरळ, पण नजर तिखट. बाबूंची चाल त्यांनी मघापासून टिपली होती. त्या जवळ आल्या.

"इवाई, खरं सांगा. पाय दुखून राहिले ना तुमचे?"

"तसं काही..."

"सांधे का?"

आता इथं खरं सांगून टाकायचं की नाही? पण या वयात जिम, आणि ते व्याह्यांसमोर? चाळीस माणसं हसली असती! "पडलो" म्हणावं तर म्हातारा पडला म्हणतील. काही तरी भारदस्त पाहिजे. बाबूंनी छाती पुढे काढली.

"जुनं दुखणं हाये जी."

"थंडीत वाढते?"

"थंडीत तर विचारूच नका!"

"लहानपणापासून हाये?"

बाबूंना सुटकेचा रस्ता दिसला आणि ते सुसाट सुटले. "लहानपणापासून! माह्या बाबाले बी होतं. आज्याले बी होतं. रक्तातच हाये आमच्या!"

अन्नपूर्णाबाईंचा चेहरा उतरला. त्या तशाच फिरल्या आणि यादोरावांच्या कानाला लागल्या. बघता बघता मुर्रीची सगळी मोठी माणसं मांडवामागं, पाण्याच्या टाकीजवळ जमली. कुजबुज सुरू झाली. बौद्धाचार्यांनी मेणबत्त्या हातात घेतल्या होत्या, त्या तशाच राहिल्या.

पाच मिनिटांनी शालीकराम धावत आला. तोंड पांढरं पडलेलं.

"भाऊजी, काय सांगून ठेवलं तुम्ही त्याईले? ते म्हणून राहिले, पोरीच्या घरात सिकलसेल हाये!"

सिकलसेल! आमच्या गोंदिया-भंडाऱ्याकडं या एका शब्दावर सोयरिकी मोडतात. रक्तातलं दुखणं. सांधे धरतं, थंडीत वाढतं, आणि आईबापाकडून पोरांत उतरतं. बाबूंनी आपल्या तोंडानं एकेक लक्षण मोजून दिलं होतं!

 आतल्या खोलीत मोनाली पांढरी साडी नेसून बसली होती. सकाळी ती बापाच्या पाया पडायला वाकली तेव्हा त्यांना तिला नीट उठवतासुद्धा आलं नव्हतं. आणि आता बापाच्या फुशारकीपायी तिची सोयरीक मोडणार! त्यांना स्वतःचा इतका राग आला की पायांचं दुखणं क्षणभर विसरायला झालं. ते घासत घासत टाकीजवळ गेले.

"इवाई! मी खोटं बोललो!"



"मले काही आजार नाही. माह्या बाबाले नव्हता, आज्याले नव्हता. तो तर नव्वद वर्षांचा होऊन मेला! मी... मी जिमले जातो. तीन आठवडे झाले. शुक्रवारी बैठका जास्त झाल्या, म्हणून पाय धरले."

मुर्रीकर एकमेकांकडं पाहू लागले. एक काका हळूच म्हणाले, "या वयात जिम? काही बी सांगून राहिले. झाकायचं असन."

"झाकून नाही राहिलो!" बाबूंचा आवाज फाटला. "वंदनेले खाली बसता यावं म्हणून गेलो! लेकीच्या साक्षगंधात मले खुर्चीवर नव्हतं बसायचं! थांबा, दाखवतो!"

मांडववाल्याचा एक लोखंडी पाइप टाकीला टेकवून ठेवलेला होता. बाबूंनी तो उचलला. चष्मा काढून शालीकरामच्या हातात दिला. पाइप मानेखाली, खांद्यावर. पाय खांद्याएवढे. पंजे जरासे बाहेर. साक्षगंधाचा कोरा पांढरा सदरा, आणि त्यावर गंजका पाइप!

"छाती पुढे, बाबूजी!" गर्दीतून भूपेंद्र ओरडला. त्यानं धावत येऊन मागे एक खुर्ची सरकवली. "अर्ध्यावरच! टेकलं की उठा!"

बाबू खाली गेले. त्यांच्या मांड्यांतून जी कळ गेली ती त्यांनाच ठाऊक. डोळ्यांतून घळाघळा पाणी, पण नजर समोर! टेकले, उठले.

"एक!" भूपेंद्र म्हणाला.

दुसरी. तिसरी. चौथीला मुर्रीची पोरं मोजायला लागली. सहावीला आमगाव सामील झालं. सातवीला बकाराम शिपाई ओरडला, "आता समजलं! शाळेत हेच करत होते! मी खुर्ची उलटी करून पाह्यली ना बापा!" दहावी झाली तेव्हा टाळ्यांनी मांडव हलला, आणि दोघा-चौघांनी बाबूंवरचा पाइप उतरवला.

टाळ्या थांबल्या, पण यादोराव तसेच उभे. मान खाली.

"इवाई," ते म्हणाले, "तुम्ही एवढं मोकळं केलं, आता माह्याकडून बी ऐका. आमच्या अश्विनच्या रक्तात हाये ते. त्याले काही त्रास नाही. निरोगी हाये. नुसतं रक्तात हाये. आम्ही तुमच्यापासून लपवलं. अन् तुमचे पाय पाहून आमचा जीव उडाला. दोघांच्याही रक्तात असलं तर लेकरांचे हाल होतात, असं डॉक्टर म्हणतात."

 बाबूंच्या कपाळाची शीर उडाली. "लपवलं? एवढी मोठी गोष्ट? काऊन?"

"लोक नाही म्हणतात इवाई, म्हणून. दोन ठिकाणी झालं तसं." 

 लपवण्यावर आज कोणाला काही सुनावायची बाबूंची ऐपतच राहिली नव्हती.

तेवढ्यात मोनाली बाहेर आली. मागून अश्विन.

"काय चाललं बाबा? मले वाटलं पाहुण्यांची करमणूक करून राहिले! हे लपवलं-बिपवलं कोण म्हणते? अश्विननं मले पहिल्याच दिवशी सांगितलं. अन् मी माह्या रक्ताचा कागद त्याले दाखवला. माह्या रक्तात काही नाही. एकाचं रक्त साफ असलं तर लेकराले तो आजार होत नाही. चिचगडले मी रोज हेच तर करून राहिली, लोकांची बोटं टोचते!"

यादोराव अश्विनकडं वळले. "अन् तू मले काऊन नाही सांगितलं रे?"

"तुम्हीच म्हणाले होते, याचा शब्द काढू नको म्हणून!"

"अन् तू?" बाबूंनी लेकीला विचारलं. "मघापासून मंग बोलली काऊन नाही?"

"मले कोणी विचारलं का? मी आतमध्ये केसात पिना खोचून घेत होती!"

अन्नपूर्णाबाईंनी कपाळावर हात मारला आणि पहिल्यांदा हसल्या. मग त्यांनी मोनालीला जवळ ओढलं. "चला गा आता! मेणबत्त्या लावा! सकाळपासून उभी हाये मी!"

आणि बाबू बसले! सगळ्यात पुढे, तथागतांच्या आणि बाबासाहेबांच्या फोटोंसमोर, गुडघे टेकून. कसे बसले ते विचारू नका. अर्धे बसले आणि अर्धे पडले. पण त्रिशरण त्यांनी खड्या आवाजात म्हटलं, पंचशील म्हटलं, तिन्ही वेळा डोकं टेकवलं. मोनालीनं अश्विनच्या बोटात अंगठी घातली तेव्हा सगळे फुलं उधळायला उठले. बाबूंनी बसल्याबसल्याच उधळली.

सगळे जेवायला गेले. बाबू तिथंच.

अल्काबाई ताट घेऊन आल्या आणि त्यांच्यासमोर बसल्या.

"तुले जिमचं सांगायले पाहिजे होतं," बाबू ओशाळून म्हणाले.

"कायले? तीन आठवडे तुमच्या सदऱ्याच्या खांद्यावरचा गंज घासून राहिली मी. स्टेशनपर्यंत फिरून आलेल्या माणसाच्या खांद्याले गंज कसा लागते?"

बाबूंचा घास हातातच राहिला. "मंग बोलली काऊन नाही?"

"गुरुवारी खिडकीतून पाह्यलं तुम्हाले. उठून उभे राह्यले अन् अंगणात एकटेच हसत होते. म्हटलं, राहू द्या." त्यांनी भातावर वरण ओतलं. "जेवा आता. थंड होते."

बाबू खाली मान घालून जेवू लागले. 

थोड्या वेळानं यादोरावही ताट घेऊन आले. "एकटे काऊन बसले इवाई? मी बी बसतो तुमच्यापाशी." आणि "आई गं!" करत तेही सतरंजीवर बसले. दोघांनी पोटभर गप्पा मारल्या. लग्नाची तारीख काढली, वऱ्हाड किती, गाड्या किती, सगळं ठरलं. दोन वाजले, तीन वाजले. खुर्च्या गेल्या, मांडवाचे पडदे उतरले, आचाऱ्यानं भांडी उचलली. मुर्रीच्या गाडीनं दोनदा हॉर्न दिला.

"चला, निघतो आता," यादोराव म्हणाले आणि जागचे हलले नाहीत.

"हो हो, उशीर होईन," बाबू म्हणाले आणि तेही हलले नाहीत.

दोघांनी एकमेकांकडं पाहिलं.

"तुम्ही उठा आधी, इवाई," बाबू म्हणाले.

"छे छे, तुम्ही मोठे! तुम्ही आधी!"

तेवढ्यात मांडववाला येऊन उभा राहिला. "बाबूजी, जरा उठता का? सतरंजी सालेकसाले पाठवायची हाये. संध्याकाळचं लग्न हाये तिथं."

बाबूंनी एकदा सतरंजीकडं पाहिलं, एकदा व्याह्यांकडं पाहिलं आणि हताश होऊन म्हणाले, "गुंडाळ गा बाबा. आमच्यासकटच पाठवून दे."